टिबुकलीसाठी धुतलेलं तळं

टिबुकलीला टिबुकली म्हणायची लाज कशाची वाटते, हे मला कुणीतरी एकदा समोर बसून समजावून सांगा. मुलांसाठी पाखरांचं चित्रांचं पुस्तक करते आहे मी. चित्रं माझी, खालच्या दोन-दोन ओळीही माझ्याच. संपादकबाईंचा फोन आला, "ताई, टिबुकली आजच्या मुलांना कुठं कळणार? लिटल ग्रीब लिहू या ना." मी म्हटलं, "आणि लिटल ग्रीब काय तुमच्या मुलांना जन्मतःच कळतं?" त्यानंतर बाई बरेच दिवस फोनवर आल्या नाहीत.

नावांचा घोळ आजचा नाही म्हणा. मुठीएवढं पाखरू. शेपूट जवळजवळ नाहीच. पाय पार मागं, बुडाशी, त्यामुळं पाण्यात मासोळीसारखं चपळ आणि जमिनीवर दोन पावलं चालायचं म्हटलं तर तोंडावर आपटणारं. आहे म्हणून बोट दाखवावं, तर तेवढ्यात बुडी मारून गायब. युरोपातल्या तळ्यांपासून आफ्रिकेपर्यंत आणि आपल्याकडून पार पूर्वेच्या बेटांपर्यंत हिचं राज्य. शास्त्रज्ञांनी लॅटिन नाव ठेवलं त्याचा अर्थ झटकन बुडी मारणारी, तांबड्या मानेची. इथवर ठीक. पण आपल्याकडच्या टिबुकलीच्या नावाला त्यांनी आणखी एक शब्द जोडला, तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा! जन्म बीडच्या तळ्यात आणि आडनाव आफ्रिकेचं. आमच्याच घरात येऊन आमच्याच पोरीचं बारसं करून गेले आणि आम्ही पेढे खात बसलो.

तर या पुस्तकात मला टिबुकलीचं घरटं काढायचं होतं. हिचं घरटं पाण्यावर तरंगतं. सडकं शेवाळ, पाणगवत, लव्हाळ्याच्या काड्या गोळा करून ती ढीग रचते, तो गवतात अडकवून ठेवते आणि त्यावर अंडी घालते. ते मी लांबून पाहिलेलं होतं, जवळून कधीच नाही. आणि माझी सून शिल्पा हिच्या माहेरच्या गावात, केज तालुक्यात युसूफ वडगावच्या पुढं, तिचे वडील विश्वनाथआप्पा यांना गावच्या तळ्यात टिबुकलीचं घरटं सापडलं होतं. आप्पांचं किराणा दुकान आहे. दुकान उघडायच्या आधी ते रोज बांधावर जायचे आणि मला फोन करायचे. "विहीणबाई, बसलीय. आज चार अंडी दिसली." मी इकडं कऱ्हाडात चहा सोडून उठून उभी राहायची. शेवटी ठरलं, महालक्ष्म्यांच्या सणाला यायचं. सणही होईल, घरटंही होईल. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की उद्या मोठमोठे कॅमेरे घेऊन शंभर जण बांधावर उभे राहतील.

कडा

गाडी शिल्पा चालवत होती. मी आदल्या दिवशी कऱ्हाडहून पुण्याला मुलाकडं आले होते. पुण्याहून निघालो, नगर सोडलं आणि आष्टी तालुक्यात शिरलो. कड्याला साखर कारखान्याचं धुराडं थंड उभं होतं. गाळपाला अजून वेळ होता. रस्त्याकडेला खड्ड्यात पाणी साचलेलं, आणि त्यात अहो चक्क ती! मी ओरडले, "थांब, थांब!" शिल्पानं असा ब्रेक दाबला की डब्यातले लाडू माझ्या मांडीवर आले.

समोर चहाचं हॉटेल होतं. मालकाला विचारलं, "हे पाखरू काय हो?"

"ती व्हय? पानकोंबडी."

"पाणकोंबडी नव्हे ही."

बाकावरचा एक जण म्हणाला, "न्हाई बे, डुबी हाय ती. आमी डुबीच म्हंतो."

"ही येते कुठून?" मी विचारलं.

"येती कशाची? पान्यातच व्हती. चिखलात झोपती अन् पानी आलं की उठती."

"बेडूक आहे का ती?" मी म्हटलं. "रात्रीची उडत येते. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग मालक शिल्पाला म्हणाला, "ताई, सासूबाईंना साखर कमी टाकू का?" शिल्पा तोंडाला पदर लावून गाडीकडं पळाली. चहा मात्र झकास होता, आलं भरपूर. रागातसुद्धा चहाला नाव ठेवू नये असं माझं मत आहे.

मांजरसुंबा

जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याला आलो. चारी दिशांचे ट्रक इथं थांबतात आणि सगळे एकदम हॉर्न वाजवतात. ढाब्यावर ज्वारीच्या गरम भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याचा ठेचा. आमच्याकडं खर्डा म्हणजे मिरची आणि मीठ, संपलं. इथं शेंगदाणे, लसूण, वर तेल, आणि तरीही डोळ्यांतून पाणी. येसर म्हणजे धान्यं भाजून केलेलं मसाल्याचं पीठ, हे मला शिल्पा आल्यावर कळलं. पहिल्यांदा मी ते पिठल्याचं पीठ समजून त्याचा गोळा केला होता.

मांजरसुंबा आलं की माझ्या सुनेची भाषा बदलते. पुण्यात 'मी करतेय' म्हणणारी पोरगी इथं वेटरला म्हणाली, "अहो दादा, कवाचं बसलाव आमी, भाकरी कावून येईनात?" मला फार आवडतं ते. मी मात्र तिला तसं कधी सांगत नाही.

तेवढ्यात आप्पांचा फोन. "विहीणबाई, कुठवर आलाव? इकडं सगळं तयार हाय. तुमी आल्या आल्या बघा, डोळे निवतील." मी म्हटलं, "घरटं कसं आहे?" ते म्हणाले, "या तर खरं." आवाजात आनंद मावत नव्हता. माणसं असं बोलतात तेव्हा त्यांनी काहीतरी करून ठेवलेलं असतं.

तळं

आधी घरी, हातपाय धुणं, मग तळं, असा शिल्पाच्या आईचा बेत होता. मी म्हटलं, आधी तळं. आप्पा पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, अशा थाटात वेशीवरच उभे होते. "शरणार्थ विहीणबाई," म्हणाले आणि गाडीपुढं स्वतः चालत निघाले. मागून गाव. गुलाल तेवढा कमी होता.

बांधाच्या तोंडाशी फ्लेक्स! फ्लेक्सवर मी. फोटो माझ्या मुलाच्या, निखिलच्या लग्नातला. शेजारी उभ्या माझ्या नवऱ्याला कापून काढलेलं, पण त्याचा खांदा तसाच राहिलेला. वर हिरव्या डोक्याचं एक विलायती बदक. खाली अक्षरं, 'सुप्रसिद्ध पक्षीमित्र सौ. सुलभाताई यांचे सहर्ष स्वागत'. मी बदकाकडं बघितलं, बदकानं माझ्याकडं बघितलं. म्हटलं, जाऊ दे, सुलभे, सणाचे दिवस आहेत.

मग बांधावर चढले आणि जागच्या जागी उभी राहिले.

तळं घासून ठेवलेल्या ताटासारखं दिसत होतं. एक काडी नाही पाण्यावर. शेवाळ नाही, पाणगवत नाही, कडेचं लव्हाळं मुळासकट गेलेलं. काठाला चुन्याची पांढरी रेघ मारलेली आणि बांधावर रांगोळी. रांगोळीतही बदक.

"कसं वाटलं?" आप्पा म्हणाले. "दोन दिस झाले, सगळं गाव लागलतं. जेसीबी आनला. तुमी येनार, तळं असं घान कसं ठिवायचं?"

"घरटं कुठं आहे?" मी विचारलं.

"काय?"

"आप्पा, घरटं! टिबुकलीचं घरटं कुठंय?"

त्यांनी पाण्याकडं हात केला, मग तो हात तसाच राहिला. "मी सोता बघितलं विहीणबाई. जेसीबी लावायच्या आधी मी सोता वाकून बघितलं. अंडी न्हवती. निस्ता सडका चिखल व्हता. म्हनलं पिल्लं घिऊन गेली."

अंडी नव्हती म्हणे! अहो, टिबुकली उठताना चोचीनं शेवाळ ओढून अंडी झाकून जाते. माणूस येताना दिसला की आधी झाकते आणि मग बुडी मारते. कावळ्याला, सापाला दिसू नयेत म्हणून. ती झाकते म्हणून तर वाचतात, आणि झाकली म्हणूनच या शहाण्यांनी जेसीबीनं उचलून फेकली!

मी बांधाच्या मागच्या बाजूला धावले. तिथं काढलेल्या घाणीचा डोंगर पडला होता, उन्हात वाळत. शेवाळ, गुटख्याच्या पुड्या, देवाचे हार, नारळाच्या शेंड्या. मी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी उपसायला लागले. गाव बघत उभं. कुणीतरी म्हणालं, "बाईंचं काय हारपलं?" शिल्पा माझ्याशेजारी येऊन बसली आणि तीही उपसायला लागली. बऱ्याच वेळानं ओल्या राहिलेल्या एका गोळ्यात मला टरफलं लागली. पांढरी अंडी, शेवाळात राहून राहून तांबूस डागाळलेली. तीन चिरडलेली. चौथं सबंध होतं. हातात घेतलं तर उन्हानं तापलेलं, आतला जीव केव्हाच गेलेला.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. टिबुकली ओरडते ते घोडा खिंकाळल्यासारखं, पण बारीक, लांबलचक, थरथरतं. तळ्याच्या मधोमध दोघं होती, नर आणि मादी. जिथं घरटं होतं तिथंच बुडी मारायची, तिथंच वर यायची. पुन्हा बुडी, पुन्हा तिथंच वर. मी आयुष्यात एवढी कधी संतापले नव्हते.

जी सुटले ती सुटलेच. "अक्कल गहाण ठेवलीत का सगळ्यांनी? कुणी सांगितलं होतं तळं धुवायला? तळं म्हणजे काय तुमचं मोरीघर आहे? चुन्याची रेघ मारताय! पाखराला चुना लागतो का? एवढ्या लांबून मी रांगोळी बघायला आले होय?" जेसीबीवाल्याला बोलले, रांगोळीवाल्या बायकांना बोलले, फ्लेक्सवरच्या बदकालासुद्धा बोलले. शेवटी आप्पांना बोलले. सगळ्यांसमोर, त्यांच्या गावात, त्यांच्या दारात. "तुम्हाला एक पाखरू सांभाळायला दिलं होतं, तेवढंही जमलं नाही!"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. मुलीचा बाप मुलाच्या आईपुढं हात जोडून उभा, आणि मला आणखीच राग आला. हात काय जोडता!

शिल्पा उठली. हात चिखलानं भरलेले. शांतपणे म्हणाली, "आई, महिनाभर फोनवर तुम्ही आप्पांना हिची नावं सांगत होतात. लॅटिनमध्ये काय, कोकणात काय, इंग्रजीत काय. ती अंडी झाकून जाते हे सांगितलंत का एकदा तरी?"

खरं ऐकलं की माझा पारा आणखी चढतो, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. मी सरळ गाडीत जाऊन बसले.

महालक्ष्म्यांचं जेवण

त्या संध्याकाळी घरात मुखवटे आले. उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं, शिल्पा मुखवटा घेऊन पावलांवरून आली, बायका विचारतायत, "लक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?" आणि ती म्हणतेय, "सोन्याच्या." मी कोपऱ्यात पाटावर बसून होते. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं आणि सगळे माझ्या ताटात वाढत होते. रागावलेल्या विहिणीला खायला घालून मारायचं असा इथला कायदा दिसतो.

दुसऱ्या दिवशी मोठं जेवण. आमच्याकडं गौरी म्हणजे पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी. इथं दोन बायका हुबेहूब उभ्या केलेल्या, पैठणी नेसवून, अंगावर दागिने, पुढं करंज्या-लाडवांच्या राशी, वर टांगलेला फुलोरा. सोळा भाज्या एकत्र करून एक भाजी, पुरणपोळी, कटाची आमटी, आणि ज्वारीच्या पिठाची गार आंबील. ती आंबील मी तीन वाट्या प्यायले. राग होता, पण तो आंबिलीवर नव्हता.

जेवणाला आप्पा नव्हते. शिल्पाच्या आईला विचारलं तर त्या मान खाली घालून म्हणाल्या, "दुकानात बसलेत. म्हनले, विहीणबाई जेवल्या की जेवतो."

मी पान तसंच ठेवून उठले. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. सणाचं बंद; अर्ध्या उघड्या दारातून उजेड येत होता आणि आप्पा साखरेच्या पोत्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "मला नाटकं आवडत नाहीत. जेवत का नाही?"

"माझ्या हातनं जीव गेले विहीणबाई. चार. सनाच्या तोंडावर." ते म्हणाले. "अन् तुमचा राग वाजवीच हाय."

"माझा राग गेला खड्ड्यात. मला एवढंच सांगा, तुम्हाला हे करायची बुद्धी झाली कशी? मी मागितलं होतं का काही?"

"तेच तर," आप्पा म्हणाले. "तुमी कवाच काय मागितलं न्हाई. लगीन ठरलं तवा तुमी म्हनलात, मानपान नको. साडी नको, आहेर नको, नारळसुदीक नको. लई मोठं मन तुमचं, समदं गाव म्हनलं. पन मुलीच्या बापाला कायतरी वाटतंच की. हात रिकामेच राहिले. मनात राहून गेलतं माझ्या. मग तुमी ह्या पाखराचं इचारायला लागलाव. रोज फोन. म्हनलं, आता घावलं. विहीणबाईंना काय पायजे ते आपल्या तळ्यात हाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "म्हनून तळं धुतलं."

मी त्या लग्नात मिरवलं होतं, 'आम्ही काही घेत नाही' म्हणून. आणि हा माणूस तेव्हापासून रिकामे हात घेऊन बसला होता. मला त्यांचा राग आला, माझा आला, त्या जेसीबीचा आला, आणि मानपान ज्यानं काढला त्याच्या सात पिढ्यांचा आला. पण त्या दोघांचं, तळ्यातल्या दोघांचं, काय? तो प्रश्न तसाच होता.

मी म्हटलं, "आप्पा, टिबुकलीचं एक घरटं गेलं तर ती दुसरं बांधते. पाणी आहे, दिवस आहेत, जोडी अजून तळं सोडून गेलेली नाही. पण बांधायला तिला काहीतरी हवं ना! तुम्ही काडी ठेवली नाहीत तळ्यात. अजून एखाद-दुसरा दिवस वाट बघेल आणि रात्रीची उडून जाईल. मग शोधा, डुबी कुठं गेली ते."

दारात शिल्पा उभी होती. कधी आली कळलं नाही. म्हणाली, "मग घाण परत टाका."

"काय?" आम्ही दोघं एकदम.

"जी काढली ती. परत तळ्यात टाका. पडलीच आहे की बांधामागं."

आप्पा पोत्यावरून उठले आणि चप्पल न घालताच निघाले.

त्या दुपारी आम्ही जे केलं ते बघून गाव खुळावलं. आप्पांचे दोस्त भानुदास, शेळ्या-मेंढ्या राखणारे, काठीवर हनुवटी टेकून बघत होते. म्हणाले, "काय बे विश्वनाथ, परवा काढलंस अन् आज टाकायलास? पुरनपोळी चढली का काय?"

"गप अन् हात लाव," आप्पा म्हणाले.

"माझा कावून हात? मी काडलं व्हय?"

"तू न्हाईस काडलं? फावडं कुनाचं व्हतं मग?"

भानुदासांनी काठी ठेवली. मग एकेक करत दहा-पंधरा जण आले. हसत होते, टिंगल करत होते, पण करत होते. पुड्या, प्लास्टिक, हार वेचून बाजूला. शेवाळ आणि पाणगवत पाट्या भरभरून पाण्यात. मला एकाला तीनदा सांगावं लागलं की बाबा, गुटख्याची पुडी ही वनस्पती नव्हे. भानुदासांनी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि शिल्पा सणाची साडी गुडघ्यापर्यंत ओली करत पाण्यात उतरून त्या चिखलात रोवत गेली, म्हणजे शेवाळ वाऱ्यानं वाहून न जाता फांद्यांना अडकून राहील. वास असा होता की महालक्ष्म्यांनी घरात नाक दाबलं असेल. मी काठावर उभी राहून ओरडत होते, "तिकडं नको, इकडं! अहो, एवढा मोठा ढीग नको, ती काय बंगला बांधणार आहे?" जेसीबीवाला लांबून आपला फोन धरून आमचा व्हिडिओ काढत होता. त्याचा मी वेगळा समाचार घेतला.

संध्याकाळपर्यंत तळं पुन्हा घाणेरडं झालं. ती दोघं पार पलीकडच्या काठाला जाऊन बसली होती. जवळ येईनात.

विसर्जनाचा दिवस

सकाळी आम्हाला निघायचं होतं. मी उजाडताच बांधावर गेले. आप्पा आधीच तिथं, एका दगडावर उकिडवे बसलेले, अंगावर घोंगडी. त्यांनी हातानं 'अजून नाही' अशी खूण केली.

पलीकडच्या काठाला ती होती. बुडी मारायची, वर यायची, आमच्या बाजूला तोंड करायची आणि परत फिरायची. मला धीर धरवेना. पाखराच्या बाबतीत मला एरवी तासन्‌तास बसायला जमतं. त्या दिवशी नाही. मला दिसत होतं की आता गेली तर गेलीच.

आणि तेवढ्यात भानुदासांच्या शेळ्या पाण्यावर. मी ओरडले, "अहो भानुदास, शेळ्या काढा आधी तिथून! काल एवढं सांगून उपयोग काय?" ते म्हणाले, "पानी पाजायचं न्हाई व्हय?" मी म्हटलं, "पलीकडं पाजा!" ते पलीकडं निघाले, तर मी पुन्हा, "पलीकडं नको, पलीकडं ती आहे!" मग फ्लेक्स वाऱ्यानं फडफडायला लागला म्हणून त्याच्यावर, मग कुणी बांधावरून मोटारसायकल नेली म्हणून त्याच्यावर. मग मुद्दा उरला नाही तरी मी आपली बोलतेच आहे. चुना, जेसीबी, बदक, सगळं पहिल्यापासून. आप्पांच्या डोक्यावर उभी राहून.

"ओ बाई, गप बसा की!"

मी दचकले. आधी कळेचना कोण बोललं.

आप्पा उठून उभे होते. हात जोडलेले नव्हते, एक हात माझ्याकडं सरळ रोखलेला. आवाज दबका, पण डोळे असे वटारलेले की मी बापजन्मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. "निस्तं तोंड, तोंड, तोंड! तुमच्या तोंडापायी येईना झालीय ती. दोन दिस बघायलोय मी, तुमी बोललाव की ती माघारी फिरती. बसा खाली. बसा म्हनतो ना!"

भानुदास शेळ्यांसकट जागेवर थांबले. शिल्पा मागून चढून येत होती, तिनं तोंडावर हात ठेवला. मुलीच्या बापानं मुलाच्या आईला, सणाच्या दिवशी, चारचौघांत.

मी बसले. ओल्या बांधावर, तशीच, साडीची पर्वा न करता. आप्पाही बसले, माझ्याकडं न बघता. दोघांच्यामध्ये हातभर अंतर. मला बोलायचं होतं, फार बोलायचं होतं, जीभ नुसती वळवळत होती. पण मी दातांनी धरून ठेवली.

बऱ्याच वेळानं ती निघाली. मध्येच बुडाली, आणि वर आली ती आमच्या बाजूला, फांद्यांच्या जवळ. चोचीत शेवाळाची एक लांब दोरी लोंबत होती, तिच्या अंगापेक्षा मोठी. ती ओढत ओढत तिनं बाभळीच्या फांदीपाशी नेली, ठेवली, चोचीनं दाबली आणि पुन्हा बुडी मारली. मग दुसराही आला.

आप्पांनी माझ्याकडं वळून बघितलं. त्यांना बहुतेक आत्ता कळलं आपण काय बोललो ते. चेहरा पडायला लागला, हात जोडायला वर यायला लागले. मी ते दोन्ही हात धरून खाली दाबले आणि पाण्याकडं बोट दाखवलं.